जुन्या पल्सरसाठी इंजिन ऑइल कोणते? मुंबईतील काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडे 2006 सालची बजाज पल्सर 150 डीटीएस-आय आहे. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी झालेली, कार्बोरेटरची, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची ही गाडी मी आजही रोज मुलुंडहून मरोळपर्यंत चालवतो. एलबीएस मार्ग, कांजूरमार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि पवई असा हा रस्ता आहे. मेट्रोच्या कामांमुळे अरुंद झालेल्या मार्गिकांत पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहणे, मध्येच दीर्घकाळ थांबणे आणि पुन्हा सरकणे हेच या प्रवासाचे स्वरूप आहे. इंजिन ऑइलचा विचार करताना गाडीचे वय जितके महत्त्वाचे, तितकाच हा रस्ताही महत्त्वाचा आहे, असे मला वाटते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला गाडी पुढे गेल्याखेरीज वारा मिळत नाही आणि अशा कोंडीत सिलिंडरच्या हेडमधील (इंजिनाच्या वरच्या भागातील) उष्णता वाहून नेण्याचा मोठा भार तेलावर येतो.

उन्हाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीनंतरपर्यंत मी या गाडीत आळीपाळीने तीन प्रकारचे तेल वापरले: 10डब्ल्यू-30, पुस्तिकेत सांगितलेल्या 20डब्ल्यू-50 ग्रेडचे मिनरल (खनिज तेलापासूनचे साधे) आणि शेवटी 15डब्ल्यू-50 ग्रेडचे सेमी-सिंथेटिक (मिनरल आणि कृत्रिम तेलाचे मिश्रण). या आकड्यांचा अर्थ पुढे येईलच. प्रत्येक वेळी तेलाचा फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घातला. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधील) फट पहिल्याच वेळी तपासून घेतली होती, त्यामुळे आवाजातील फरक तेलाच्या खात्यावर लिहिताना मनात शंका राहिली नाही.

10डब्ल्यू-30 मी मुद्दाम वापरून पाहिले, कारण हल्लीच्या बहुतेक नव्या प्रवासी मोटारसायकलींना हेच तेल सांगितले जाते आणि आमच्या भागातील अनेक मेकॅनिक ते जुन्या गाड्यांनाही ‘मायलेज वाढेल’ म्हणून सुचवतात. पहिले काही दिवस गाडी खरोखरच हलकी वाटली आणि सकाळी सेल्फ मारताच इंजिन चटकन फिरले. मात्र पवईच्या कोंडीत इंजिन चांगले तापले की हेडमधून येणारी टकटक स्पष्ट ऐकू येऊ लागली, सिग्नलला न्यूट्रल सापडेनासा झाला, आणि तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेतील रेषा पूर्वीपेक्षा लवकर खाली उतरू लागली. पेट्रोलच्या खर्चात जो काही फरक पडला, तो वाहतुकीतील रोजच्या चढउताराहून वेगळा काढता येण्याइतका मोठा नव्हता.

याचे कारण आकड्यांत पाहता येते. तेलाच्या नावातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे असून त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो, तर त्यानंतरचा आकडा 100 अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते सांगतो. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या प्रमाणकानुसार 100 अंशांना 30 ग्रेडच्या तेलाची स्निग्धता, म्हणजे दाटपणा, 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक्स (दाटपणाचे एकक) असते आणि 50 ग्रेडची 16.3 ते 21.9. म्हणजे तापलेल्या इंजिनात ही दोन तेले एकमेकांच्या जवळपासही नसतात. नव्या इंजिनांतील भाग पातळ तेल गृहीत धरूनच बसवलेले असतात. माझ्या इंजिनाची रचना मुळात 20डब्ल्यू-50 साठी झाली आहे, आणि इतक्या वर्षांत पिस्टन रिंग, बोअर व बेअरिंग यांच्यातील फटी थोड्याफार रुंदावलेल्या असणारच. तिथे तेलाचा थर टिकून राहण्यासाठी गरम अवस्थेतील दाटपणा हवा.

उलट पहिल्या आकड्याची मुंबईत फारशी चिंता करू नये. 20डब्ल्यू तेलाची थंडीतील चाचणी शून्याखाली 15 अंशांना होते, तर 10डब्ल्यू तेलाची शून्याखाली 25 अंशांना. सांताक्रूझ वेधशाळेत आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान 22 जानेवारी 1962 चे 7.4 अंश सेल्सिअस आहे. ज्या शहरात थंडीची कमाल एवढीच आहे, तिथे 10डब्ल्यूचा जो लाभ सांगितला जातो तो घेण्याची वेळ क्वचितच येते. ज्यांची गाडी मनालीच्या वाटेवर जाणार असेल त्यांनी वेगळा विचार करावा.

यानंतर मी 20डब्ल्यू-50 मिनरल घातले आणि इंजिनाचा आवाज पहिल्याच दिवशी भरीव झाला. टकटक कमी झाली, न्यूट्रल सहज सापडू लागला. पावसाळ्याचा बहुतेक काळ गाडी याच तेलावर चालली. साधारण दीड हजार किलोमीटरपर्यंत मला त्यात खोट काढता आली नाही, मात्र तिथून पुढे गिअर हळूहळू कडक पडू लागले आणि दोन हजारांच्या पुढे पहिल्यातून दुसऱ्यात जाताना पायाला स्पष्ट खटका जाणवू लागला. मोटारसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालतात, आणि मल्टिग्रेड तेलाला गरम अवस्थेत दाट ठेवणारे लांबलचक पॉलिमर गिअरच्या दातांखाली तुटत जातात. त्यात कोंडीतील उष्णतेने मिनरल तेल लवकर जुने होते. म्हणूनच तेलाचा दर्जा मी पहिल्या आठवड्यातील गुळगुळीतपणावरून ठरवत नाही. नवे तेल घातल्यावर प्रत्येक गाडी छान वाटते. त्याची खरी परीक्षा शेवटच्या पाचशे किलोमीटरमध्ये होते.

सध्या गाडीत मोतुल 5100 हे 15डब्ल्यू-50 सेमी-सिंथेटिक आहे आणि माझा कौल त्याच्याच बाजूने आहे. गरम अवस्थेतील ग्रेड 50 च असल्यामुळे इंजिनाचा आवाज मिनरल 20डब्ल्यू-50 सारखाच भरीव राहिला, पण गिअरचा मऊपणा अडीच हजार किलोमीटरनंतरही टिकून आहे. मधल्या सुट्टीत कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाटात जाऊन आलो, तेव्हा चढावर बराच वेळ तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन राबवूनही क्लचने कुठे कुरकुर केली नाही आणि परतल्यावर काचेतील पातळी जवळपास तेवढीच होती. किंमत मिनरल तेलाच्या दीडपटीहून अधिक पडते. तेल बदलण्याचे अंतर मी त्यामुळे तीन हजार किलोमीटरच्या पुढे नेणार नाही. कोंडीत इंजिन तासन्‌तास फिरत असते आणि किलोमीटरचा काटा मात्र जागेवर राहतो, त्यामुळे मुंबईतील तीन हजार किलोमीटर तेलाच्या दृष्टीने महामार्गावरील तीन हजारांपेक्षा कितीतरी जड असतात.

पूर्ण सिंथेटिक का नाही, असा प्रश्न मला ओळखीच्या अनेकांनी विचारला. ते तेल उत्तमच असते, उष्णतेला अधिक टिकते, यात वाद नाही. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोकवर सुरू होताना थोडे पेट्रोल तेलात मिसळते, पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळे ओल साचते, आणि ही घाण कितीही महाग तेल घातले तरी साचतेच. ती बाहेर काढण्याचा मार्ग म्हणजे वेळेवर तेल बदलणे. जे तेल महाग पडले म्हणून आपण आणखी हजारभर किलोमीटर ओढतो, ते जुन्या इंजिनाच्या उपयोगाचे नाही. सिंथेटिकने सील गळतात, या समजुतीबद्दल एवढेच सांगतो की आजची तेले सील खराब करत नाहीत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आधीच कडक झालेल्या सीलमधून पातळ आणि अधिक स्वच्छ करणारे तेल पाझरू लागते, आणि दोष नव्या तेलाला दिला जातो.

ग्रेडइतकेच काटेकोरपणे डब्यावर पाहण्याची गोष्ट म्हणजे जासो एमए किंवा एमए2 ही खूण. जपानमधील हे प्रमाणक तेलात बुडालेल्या क्लचसाठी आहे आणि त्यातील एमए2 मध्ये घर्षण सर्वाधिक राखले जाते. एमबी हे स्कूटरसाठी असते, कारण तिथे क्लच कोरडा असतो. घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असतील तर उरलेले तेल इकडून तिकडे ओतण्याचा मोह टाळावा. मोटारीचे तेल तर मुळीच घालू नये. इंधन वाचवण्यासाठी त्यात घातलेल्या निसरड्या द्रव्यांमुळे क्लचच्या प्लेटा घसरू लागतात, आणि उड्डाणपुलाच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा दर्जा एसएल असो, एसएन असो की त्याहून नवा, त्याची मला तेवढी काळजी वाटत नाही. जासोच्या प्रमाणकात झीज रोखणाऱ्या फॉस्फरसचे प्रमाण 0.08 ते 0.12 टक्के राखण्याची अट आहेच. ही खूण असेल तर सरकारी कंपन्यांच्या तेलांकडेही नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्याच माहुलमध्ये हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनरीत वंगणाचे मूळ तेल मोठ्या प्रमाणावर तयार होते.

पावसाळ्याबद्दल एक स्वतंत्र सूचना करावीशी वाटते. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी गाडी इंजिनापर्यंत पाण्यात गेली असेल, तर दुसऱ्या दिवशी ती सुरू करण्याआधी तेलाची काच आणि भरण्याच्या झाकणाची आतली बाजू पाहावी. झाकणाला थोडीशी पांढुरकी साय असणे ही ओलीची नेहमीची खूण आहे आणि लांबची एक फेरी मारली की ती जाते. काचेतील सगळेच तेल दुधी दिसत असेल तर मात्र किक न मारता तेल आणि फिल्टर बदलावा, थोडे चालवून पुन्हा एकदा बदलावा. या कामासाठी सेमी-सिंथेटिक वाया घालवू नये, त्याच ग्रेडचे साधे मिनरल पुरते.

गाडी सकाळी सुरू करताना किंवा बराच वेळ थांबून निघताना निळसर धूर टाकत असेल, तर यातील कोणतेही तेल तिला बरे करणार नाही. तिथे व्हॉल्व्हचे सील किंवा रिंगा गेलेल्या असतात आणि दाट तेलाने धूर फक्त काही दिवस झाकला जातो. अशा गाडीची पातळी दर आठवड्याला, मधल्या स्टँडवर, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी तपासावी आणि हेड उघडण्याच्या खर्चाची तजवीज करावी.

तेल मी पेट्रोल पंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतो आणि झाकणाची सीलपट्टी स्वतः तोडतो. तेल ओतून झाल्यावर रिकाम्या डब्याला तिथल्या तिथे भोक पाडून देतो, म्हणजे तो पुन्हा भरून विकला जाणार नाही. निघालेले काळे तेल गटारात जाऊ न देता जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येते.