होमोसिस्टिन्युरिया: बी-६ की बीटेन?

होमोसिस्टिन्युरिया या जन्मजात आजारात रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल साचतं आणि ऐन तरुणपणीही पायाच्या किंवा मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. बी-६ जीवनसत्त्व होमोसिस्टीन मोडणाऱ्या, पण अर्धवट चालणाऱ्या एन्झाइमलाच हात देतं. साधारण निम्म्या रुग्णांना ते लागू पडतं, म्हणून आधी तेच देऊन बघतात. डोस फार वाढला तर मात्र नसा दुखावतात, हातापायांना मुंग्या येतात.

बीटेन या दुसऱ्या औषधाची वाट वेगळी: ते होमोसिस्टीनचं पुन्हा मेथिओनिन (प्रथिनांतून मिळणारं अमिनो आम्ल) करतं. म्हणजे एक उतरतं, दुसरं चढतं! मेथिओनिन १००० मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर गेलं तर मेंदूला सूज येण्याची भीती, त्यामुळे प्रथिनांचं पथ्य काही सुटत नाही. बी-६ लागू पडलं तर होमोसिस्टीन ५० मायक्रोमोल प्रति लिटरच्या खाली ठेवायचं. नाहीतर १०० च्या खाली आणलं तरी गुठळीचा धोका बराच घटतो.