तीस दिवसांत कादंबरी : घ्यावं का हे आव्हान?

महिनाभरात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची, हे आव्हान १९९९च्या जुलैत अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या २१ जणांनी सुरू केलं. पुढच्या वर्षीपासून ते नोव्हेंबरात होऊ लागलं आणि जगभर पोचलं. ते चालवणाऱ्या ‘नॅनोरायमो’ संस्थेने मार्च २०२५मध्ये काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. पण नियम कुणीही पाळू शकतो. अमळनेर-पारोळ्याकडच्या आम्ही काही जणांनी व्हॉट्सअॅपवर गट करून त्याच नियमांनी महिनाभर लिहिलं. हा अभिप्राय त्या पद्धतीबद्दल आहे.

आधी चांगलं सांगतो. रोजचे सरासरी १,६६७ शब्द आणि मागे वळून खोडायचं नाही, एवढ्या दोन गोष्टींनी माणूस खरोखर लिहायला बसतो. मी विकास सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेत, गटसचिव आहे. दिवस कर्जखाती, सातबारा आणि थकबाकीच्या याद्यांत जातो. ‘निवृत्त झाल्यावर लिहू’ म्हणणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, त्यांनी हे जरूर करून बघावं. मात्र आकडा मराठीला जड जातो. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, ‘शेतकऱ्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द मोजला जातो. त्यामुळे मराठीतले ५०,००० शब्द म्हणजे इंग्रजीपेक्षा बराच जास्त मजकूर. चाळीस हजारांवर थांबलात तरी कमीपणा वाटून घेऊ नका. शिवाय खान्देशात नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणी, रब्बीची पेरणी आणि शेतात भरताच्या पंगती. आमच्या गटाने सवड बघून डिसेंबर धरला असता तर बरं झालं असतं.

घाईत लिहिलेलं उथळच असतं, हा आक्षेप मला मान्य नाही. आमच्या अमळनेरला शिकवून गेलेल्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. ‘कोसला’ही नेमाड्यांनी थोड्याच दिवसांत हातावेगळी केली, हे खान्देशात सगळ्यांना ठाऊक आहे. पण गुरुजी स्वतःच्या आईबद्दल लिहीत होते. ती शिदोरी त्यांची होती. आपण महिनाभर कुणाच्या शिदोरीवर लिहिणार आहोत, हे या आव्हानात कुणी विचारत नाही. संकेतस्थळ फक्त शब्द मोजायचं. आकडा भरला की तुम्ही जिंकलात. त्या शब्दांत कुणाचं घर उघडं पडलं, हे मोजायची सोय कुठेच नव्हती.

आणि घर उघडं पडतंच. रात्री अकराला नऊशे शब्द कमी असले की हात जवळच्या गोष्टीकडे जातो. माझ्या जवळ काय आहे? कुणाच्या उताऱ्यावर किती बोजा, कुणी भावाला न सांगता कर्ज उचललं, कुणाच्या लग्नाला पीककर्ज खर्ची पडलं. लोक हे मला सांगतात ते मी गटसचिव म्हणून. लेखक समजून कुणी सांगत नाही. म्हणून पहिल्या दिवसाआधीच ठरवलं की खातेदाराची गोष्ट कादंबरीत येणार नाही, नाव बदलूनही नाही. नाव बदलल्याने गावात काही लपत नाही. ओळखीतल्या एका आजोबांची बैलजोडी मला प्रसंगात हवी होती, म्हणून विचारायला गेलो, तर ते म्हणाले, “नाव बदलं ते ठीक, मन्हा बैलस्ना रंग बी बदली टाक.” मी बदलला.

याहून अवघड प्रसंग गटात आला. एका मित्राचं कथानक अडलं आणि त्याने नायकाला, कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला, विष घ्यायला लावलं. त्या रात्रीचा आकडा भरला. प्रकरणात औषधाचं नाव होतं, किती घेतलं ते होतं, आणि कारण म्हणून नायकाचं दारूचं व्यसन होतं. आमच्या भागात अशी घरं आहेत. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण जिल्हा समितीपुढे जातं, ‘पात्र’ ठरलं तर कुटुंबाला एक लाखाची मदत, ‘अपात्र’ ठरलं तर काहीच नाही. नापिकी होती का, कर्ज होतं का, तगादा होता का, हे तपासतात. अशा घरातली बाई तहसीलला खेटे घालत असताना तिच्याच गावातला लेखक ‘तो दारूच्या पायी गेला’ असं छापणार? गटात कुणीतरी म्हणालं, कादंबरी तर काल्पनिक असते. मुंबई-पुण्यात असेल. इथे वाचणारा पहिल्यांदा विचारतो, हा कोण रे, अमक्याचा मुलगा का?

औषधाचं नाव आणि मात्रा तर कुठल्याच कादंबरीत नको. आत्महत्येची पद्धत वर्णन करू नये, अशा मार्गदर्शक सूचना प्रेस कौन्सिलने २०१९ साली वर्तमानपत्रांसाठी काढल्या. कादंबरीकाराला त्या लागू नाहीत, म्हणून मोकळीक मिळाली असं मी मानत नाही. वाचणारा तोच आहे, आणि फवारणीचं औषध त्याच्याही घरात आहे.

मित्राने ते प्रकरण पुन्हा लिहिलं. मृत्यू ठेवला, पण दोन ओळींत. बाकी सगळं नंतरचं: पंचनामा, वारस नोंद, दीर आणि भावजय यांच्यातलं न बोलणं, सोसायटीत येऊन “बाकी किती ऱ्हायनी?” विचारणारी बायको. महिन्याभरात गटात जे लिहिलं गेलं त्यात ते सर्वांत उत्तम आहे.

भाषेचंही तसंच. घाईत लिहिताना अहिराणी गडी, दारुडा आणि विनोदी म्हातारी यांच्या तोंडी जाते, आणि शहाणा मास्तर आपोआप प्रमाण मराठी बोलू लागतो. आमच्या दोन-तीन हस्तलिखितांत हे झालंय. शिकलेली, हिशोबी, चूक दाखवून देणारी माणसंही अहिराणी बोलतात, ती लिहिली गेली पाहिजेत.

२०२४मध्ये ‘नॅनोरायमो’ संस्थेने लेखनात एआय वापरण्याला सरसकट विरोध करायचं नाकारलं, तेव्हा तिच्या लेखक मंडळातल्या काहींनी राजीनामे दिले. मी त्या राजीनामे देणाऱ्यांच्या बाजूचा आहे. विधवेचं दुःख यंत्राकडून भरून घेऊन आकडा गाठण्यापेक्षा त्या रात्री कमी शब्द झालेले बरे.

तर घ्यावं का? घ्यावं. पैसे लागत नाहीत, वही किंवा फोन पुरतो. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. दीड गुण कापले ते ‘मागे वळून पाहू नका’ या नियमासाठी. भाषेला तो लावा, वाक्य बिघडलं तरी पुढे जा. पण जिवंत माणूस पानावर आला की त्याच रात्री मागे वळा. सुरू करण्याआधी कुणाबद्दल लिहिणार नाही त्यांची यादी वहीच्या पहिल्या पानावर करा. रोजची प्रकरणं स्टेटसला लावू नका, कच्चा खर्डा गटाबाहेर जाऊ देऊ नका. आणि छापण्याआधी, ज्याच्या आयुष्यातलं काही घेतलं असेल त्याच्या ओट्यावर बसून तेवढी पानं मोठ्याने वाचून दाखवा. तो नको म्हणाला तर ती पानं काढा.