ई-कोर्ट्स : खटला सापडतो, वॉरंट मात्र वाचून काढावे लागते

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाला त्याच्या जुन्या भाड्याच्या घराशेजारून निरोप आला, की एक हवालदार त्याच्या नावाचे पकड वॉरंट घेऊन दारापर्यंत येऊन गेला. वॉरंट कोणत्या न्यायालयाचे, कोणत्या खटल्यातले, जामीनपात्र की अजामीनपात्र, यांपैकी शेजाऱ्यांना काहीच सांगता येईना. त्यात त्याचा पासपोर्ट नूतनीकरणाला आलेला. आणि फौजदारी खटला प्रलंबित असणे किंवा न्यायालयाने समन्स अथवा वॉरंट काढलेले असणे, ही पासपोर्ट नाकारण्याची कारणे म्हणून पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ मध्येच लिहिलेली आहेत. वकिलाकडे जायचे तरी हातात एखादा क्रमांक असावा, म्हणून मी तीन संध्याकाळी ‘ई-कोर्ट्स’ या सरकारी सेवेवर शोध घेतला. पुढील मत त्या शोधावर आणि नंतरच्या वापरावर आधारलेले आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या मार्गदर्शनाखाली २००७ पासून उभा राहत आलेला हा प्रकल्प सध्या तिसऱ्या टप्प्यात असून, २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. जिल्हा आणि तालुका न्यायालयांतील प्रकरणे संकेतस्थळावर व मोबाइल ॲपवर विनामूल्य पाहता येतात. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा ‘सीएनआर’ क्रमांक असतो. त्यातील पहिली दोन अक्षरे राज्याची आणि शेवटचे चार अंक वर्षाचे असतात. हा क्रमांक हाती असेल, तर काम मिनिटाभराचे आहे आणि त्यात नाव ठेवण्यासारखे काही नाही.

परंतु ज्याला वॉरंटची पहिली वार्ता शेजाऱ्याकडून कळते, त्याच्यापाशी सीएनआर कोठून असणार? त्याने पक्षकाराच्या नावाने शोधायचे, आणि खरी कसोटी तेथे लागते. आधी राज्य, मग जिल्हा, मग न्यायालय संकुल, मग नोंदणीचे वर्ष, एवढे सगळे निश्चित सांगितल्यावरच नाव टाकता येते. संपूर्ण राज्यात एकाच वेळी शोध घेण्याची सोय नाही. म्हणजे ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याने एकेक संकुल आणि एकेक वर्ष धरून चाळत बसायचे. नावे बहुधा रोमन लिपीत नोंदवलेली असतात, आणि क्षीरसागर हे आडनाव रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिले जाते, हे ज्यांचे ते आहे त्यांनाच विचारावे. शिवाय आपले नाव तीनपदरी. तक्रारदाराने कधी आडनाव आधी लिहिलेले असते, तर कधी वडिलांचे नाव गाळलेले असते. माझ्या अनुभवात पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनावाची पहिली चार-पाच अक्षरे टाकून येणारी यादी डोळ्यांखालून घालणे अधिक फलदायी ठरले. अर्थात, कोल्हापूरच्या संकुलात नुसते ‘पाटील’ टाकून काय हाती लागेल, हे सांगायला नको.

दोन संध्याकाळी आम्ही तो राहत असलेल्या जिल्ह्यातच शोधत राहिलो, ही आमची चूक होती. तिसऱ्या दिवशी त्याला एका वित्तसंस्थेला दिलेला आणि न वटलेला धनादेश आठवला. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर धनादेशाची तक्रार, धनादेश घेणाऱ्याचे खाते ज्या बँकशाखेत असेल, तेथील न्यायालयात दाखल होते. त्यामुळे कर्जदार एका जिल्ह्यात आणि खटला दुसऱ्याच जिल्ह्यात, असे सर्रास घडते. वित्तसंस्थेच्या जिल्ह्यात शोधताच तिसऱ्या वर्षाच्या यादीत ‘एस.सी.सी.’ या शीर्षाखाली प्रकरण सापडले. एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला. ही दोन संक्षेपे कळली नाहीत, तर यादीतील निम्म्या ओळी अर्थहीन वाटतात, आणि संकेतस्थळाने त्यांचा उलगडा तेथल्या तेथे करायला काहीच हरकत नव्हती.

आता मुख्य मुद्दा. ई-कोर्ट्सवर ‘वॉरंट’ या नावाचा शोधाचा पर्यायच नाही, आणि प्रकरणाचे पान उघडल्यावरही वॉरंट निघाल्याचे ठळक अक्षरांत कोठे दिसत नाही. वर नोंदणी क्रमांक, पुढील तारीख, प्रकरणाचा टप्पा, न्यायाधीश, दोन्ही बाजू आणि लागू केलेली कलमे असतात. बहुतेक जण येथेच थांबतात आणि ‘काही विशेष नाही’ असे समजून पान मिटतात. वास्तविक महत्त्वाचा मजकूर खाली, सुनावण्यांच्या तक्त्यात असतो. त्यातील कामकाजाच्या तारखेवर बोट ठेवले, की त्या दिवशीची लहानशी टिपणी उघडते. रोजनाम्याची, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन कामकाजाच्या नोंदीची, ती सावलीच म्हणावी लागेल. ‘आरोपी गैरहजर, वॉरंट काढावे’ अशा धाटणीचे वाक्य मिळाले तर तेथेच मिळते. आम्ही पहिल्या तारखेपासून एकेक टिपणी उघडत गेलो आणि सगळी साखळी समोर आली : आधी समन्स, पुन्हा समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, शेवटी अजामीनपात्र. इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साधारणपणे ह्याच पायऱ्या सांगितल्या आहेत. येथे सगळ्या पायऱ्या नियमाने चढल्या गेल्या होत्या, फक्त प्रत्येक पायरी जुन्या पत्त्यावर होती. या टिपण्यांचा दर्जा मात्र सर्वत्र सारखा नाही. एखाद्या न्यायालयात चार ओळींची स्वच्छ नोंद मिळते, तर दुसरीकडे महिनोन्महिने नुसते ‘तहकूब’ लिहिलेले आढळते.

म्हणूनच या सेवेच्या मौनावरून निष्कर्ष काढू नये. वॉरंट हे काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत अमलात राहते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्ये, आणि त्यापूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० मध्ये, तसे स्पष्ट म्हटले आहे. तीन वर्षांपूर्वीची एक ओळ नजरेतून निसटली, म्हणून ते वॉरंट शिळे होत नाही. शिवाय दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटाविना अटक करू शकतात, आणि दोषारोपपत्र दाखल होऊन खटल्याला क्रमांक पडेपर्यंत पक्षकाराच्या नावाने काही न सापडणे स्वाभाविक आहे.

ती उणीव काही अंशी महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलने भरून निघते. तेथे जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखांचा कालावधी निवडून प्रथम खबरी अहवाल व अटक आरोपींची यादी पाहता येते. प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, परंतु लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळलेली आहेत आणि ते योग्यच आहे. तेथून गुन्हा रजिस्टर क्रमांक मिळाला, की पुन्हा ई-कोर्ट्सवर येऊन पोलीस ठाणे, क्रमांक आणि वर्ष यांवरून शोधता येते. फौजदारी प्रकरणासाठी नावाच्या शोधापेक्षा ही वाट कितीतरी खात्रीची आहे.

एक विषयांतर, पण आवश्यक. व्हॉट्सॲपवर वॉरंटचे छायाचित्र पाठवून ‘डिजिटल अटके’ची भीती घालणारे भामटे सध्या बोकाळले आहेत. असली अटक कोणत्याही कायद्यात नाही. खऱ्या वॉरंटवर न्यायालयाचे नाव, न्यायाधीशांची सही आणि शिक्का असावा लागतो; पाठवलेल्या कागदावर खटल्याचा क्रमांक असेल, तर तो ई-कोर्ट्सवर ताडून पाहावा, आणि क्रमांकच नसेल किंवा पैसे मागितले जात असतील, तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

संकेतस्थळावरची नोंद माहितीपुरती असते, कामकाजात ती पुरावा म्हणून चालत नाही. त्यासाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यावा लागतो आणि सही-शिक्क्याची नक्कल घ्यावी लागते. प्रकरणात पक्षकार नसलेल्याला कारण सांगावे लागते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून ही पायरी ओलांडता येत नाही, कारण न्यायालयीन कागदपत्रांच्या प्रती त्या त्या न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. ज्यांना मोबाइलवरचे हे सगळे जमत नाही, त्यांनी न्यायालयाच्या आवारातील ई-सेवा केंद्रात विचारावे. तेथे पैसे लागत नाहीत.

ॲपविषयी थोडक्यात : शोधलेले प्रकरण जतन करून ठेवता येते, पुढील तारखा एकत्र दिसतात आणि परदेशात राहणाऱ्या, गावच्या जमिनीचा दावा चालू असलेल्या माणसाला एवढ्यासाठीही ते पुरेसे आहे. जतन केलेली यादी दुसऱ्या फोनवर आपोआप जात नाही, ती आठवणीने बाहेर काढून न्यावी लागते. क्रमांक हाती असलेल्याला मी या सेवेसाठी पाचपैकी साडेचार गुण देईन. नुसते नाव हाती असलेल्याला दोन.

मावसभावाने सीएनआर आणि त्या टिपण्यांच्या प्रती वकिलाला दिल्या, पुढल्या तारखेला स्वतः हजर राहिला, आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दंड भरून मंजूर झाला. आठवडाभराने मी पान उघडून पाहिले, तेव्हा सुनावणीच्या उद्देशाच्या रकान्यात ‘पुरावा’ असे आले होते, आणि आरोपीचा पत्ता अजूनही जुनाच होता. तो बदलण्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागला.