प्रबंध लिहावा की कलेतूनच पीएचडी करावी?

परदेशात पीएचडी करू पाहणाऱ्या गायक, चित्रकार, रंगकर्मींपुढे आज दोन वाटा आहेत. एक नेहमीची, म्हणजे कलेवर प्रबंध लिहिण्याची. दुसऱ्या वाटेवर स्वतःची निर्मिती हीच संशोधनाची पद्धत असते, आणि ती प्रबंधासोबत परीक्षकांपुढे ठेवायची असते.

माझ्या मते निवड प्रश्नावरून करावी. 1874 साली स्थापन झालेल्या पुणे गायन समाजामुळे मैफलीचे रिवाज कसे बदलले, हा प्रश्न जुनी दप्तरं आणि वृत्तपत्रं चाळून सुटेल. त्यासाठी स्वतःला गाता आलंच पाहिजे असं नाही. पण खूप घुमणाऱ्या दगडी मंडपात आलाप कसा बदलतो, हे गायल्याशिवाय कळायचं नाही. आधीचा स्वर विरण्याआधी पुढचा लावला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. मग विराम वाढवायचा, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) संथ करायची, की स्वरवाक्यच आटोपशीर करायचं? प्रत्येक पर्याय गाऊन, ध्वनिमुद्रित करून, तो का ठेवला किंवा का सोडला हे त्याच दिवशी टिपून ठेवावं लागतं. हे टिपण नसेल तर मैफल कितीही रंगली तरी तिला संशोधन म्हणता येत नाही. ब्रिटिश कलाशिक्षणतज्ज्ञ ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी 1993 मध्ये कलेविषयीचं, कलेतून होणारं आणि कलेसाठीचं असे संशोधनाचे तीन प्रकार मांडले. त्यांतला तिसरा त्यांनाही अवघड वाटला, कारण त्यात सगळा विचार कलाकृतीतच मुरलेला असतो.

ब्रिटनमध्ये निव्वळ लेखी प्रबंध बहुधा 80,000 ते 1,00,000 शब्दांचा असतो. निर्मिती जोडली की अनेक ठिकाणी 30,000 ते 40,000 शब्द पुरतात. एवढ्यावरून ही वाट सोपी समजू नका. रियाज, प्रयोग, नोंदी आणि लेखन एकाच वेळी सांभाळताना दमछाक होते.

नॉर्वेची पद्धत मला जास्त न्याय्य वाटते. तिथल्या 1995 च्या कायद्याने कलात्मक कामाला संशोधनाच्या बरोबरीचं स्थान दिलं आणि 2018 पासून त्यात रीतसर पीएचडी मिळते. संशोधक पगारी नोकरीत असतो. कलाकृतीवरचं चिंतन कोणत्या माध्यमात मांडायचं, हेही तोच ठरवतो. मात्र जागा मोजक्या असतात.

भारतात परतून प्राध्यापक व्हायचं असेल तर पदवीच्या समकक्षतेची चौकशी प्रवेशाआधीच करा. तिथे लेखी प्रबंध समजावून सांगणं तुलनेने सोपं जाईल. मंचावरचं काम चालूच ठेवायचं असेल आणि प्रश्न त्यातूनच उगवला असेल, तर मी बेधडक दुसरी वाट सुचवेन. अर्ज करण्यापूर्वी ‘रिसर्च कॅटलॉग’ या कलेतून केलेल्या संशोधनाच्या खुल्या संकेतस्थळावर आपल्या कलेतली दोन-चार कामं नीट पाहा, ऐका. प्रयोग आणि लेखन यांचा सांधा कुठे जुळला आहे, कुठे निसटला आहे, ते तिथे ध्यानात येईल.