बेकरी कारखान्यातील आरोग्यतपासणी: वार्षिक दाखला की जोखमीनुसार देखरेख?

अन्न सुरक्षा व मानके विनियम, 2011 मधील अनुसूची 4 नुसार अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि आतड्यांच्या संसर्गजन्य रोगांविरुद्ध लसीकरण करून त्याची नोंद ठेवावी लागते. या तपासणीचा रोख ग्राहकाच्या रक्षणावर आहे: कामगाराकडून रोग पावात जाऊ नये. तो हेतू रास्तच आहे. मात्र पावाच्या कारखान्यातून कामगाराला काय जडते, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही.

जोखमीनुसार केलेली देखरेख नेमकी तिथून सुरू होते. पिठाची धूळ आणि कणकेत मिसळले जाणारे बुरशीजन्य अल्फा-अमायलेज (पिष्टाचे विघटन करणारे एन्झाइम) यांमुळे श्वसनमार्ग हळूहळू संवेदनशील होऊन दमा जडू शकतो. पोती रिकामी करणारा, मिश्रणयंत्रावरचा आणि भट्टीजवळचा कामगार यांना मिळणारी धुळीची मात्रा सारखी नसते, म्हणून आधी हवेतील धूळ मोजावी लागते. ब्रिटनमध्ये आठ तासांच्या सरासरीसाठी दर घनमीटरला 10 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. मग कामावर घेतानाच स्पायरोमेट्री (फुप्फुसांची क्षमता मोजणारी श्वासाची चाचणी), ठरावीक काळाने प्रश्नावली, आणि शंका आल्यास कामाच्या व सुट्टीच्या दिवशींच्या पीक फ्लो (जोराने सोडलेल्या श्वासाचा कमाल वेग) नोंदींची तुलना. सुट्टीत कमी होणारी शिंक वा धाप वार्षिक दाखल्यात उमटणे अवघडच.

खर्च दुसऱ्या पर्यायाचा अधिक आहे, आणि लहान बेकरीला तो जड जातो. तरीही दोहोंपैकी एकच निवडायचे, हा पर्याय कायद्याने मालकाला दिलेला नाही: दाखला अनिवार्य आहे, आणि माझ्या मते देखरेख निदान पीठ हाताळणाऱ्यांपासून तरी सुरू करावी.