डीटी-830डी मल्टिमीटर: इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी लॅपटॉपच्या आधी घेण्यासारखी वस्तू

पुतण्याला नेरूळला ईएक्सटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम) ॲडमिशन मिळाली, लॅपटॉप घरच्यांनी घेतलेलाच होता, म्हणून मी हा व्होल्टेज, करंट मोजायचा मीटर दिला. तर म्हणतो, "काका, हा तर आमच्या लॅबमध्ये असतो की." असतो ना, पण चार-पाच जणांत एक, त्यातला एकच पोरगा प्रोब, म्हणजे मीटरच्या टोकदार वायरी, धरतो आणि बाकीचे त्याची रीडिंग उतरवून घेतात, आणि मग जर्नल सीनिअरचं बघून छापायचं, ग्राफ सरळ येईना तर आकडे थोडे इकडेतिकडे करायचे, टर्म वर्कचे, म्हणजे लॅबच्या कामाचे, मार्क मिळाले की सुटलो. हीच पोरं पुढे आमच्याकडे रबाळे एमआयडीसीत ट्रेनी म्हणून येतात, हुशार असतात, पण "सर सप्लाय येत नाहीये" म्हणाली की मी विचारतो किती येतोय, तर "बघतो सर". म्हणजे बघितलेलंच नसतं!

तर मीटरबद्दल. ठाणे स्टेशनजवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोन-तीनशेत मिळून जातो, लॅमिंग्टन रोडला थोडा कमी पडेल पण तेवढ्यासाठी ग्रँट रोडपर्यंत कोण जाणार. घेताना 830बी नको, 830डीच मागा, बीमध्ये बझर नसतो आणि कंटिन्युइटी, म्हणजे वायर कुठे तुटलीय का ते, बघताना दर वेळी मान वर करून स्क्रीन बघायचा कंटाळा येतो.

स्क्रीनवर जास्तीत जास्त 1999 दिसतं, रेंज हाताने फिरवून लावायची, ऑटोरेंज वगैरे काही नाही. बरेच जण ह्यालाच नावं ठेवतात, मला मात्र शिकणाऱ्यासाठी हाच ह्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो, कारण नॉब फिरवायच्या आधी इथे साधारण किती यायला पाहिजे हे डोक्यात ठरवावंच लागतं. पाच व्होल्ट अपेक्षित असतील तर 20 ची रेंज, घरातला 230 एसी बघायचा तर 750 ची, 200 वर लावलात तर डावीकडे नुसता 1 दिसेल, म्हणजे रेंजच्या बाहेर गेलं. आधी अंदाज, मग मोजणं, मग दोन्हीत फरक का पडला हे शोधणं, ही सवय ज्याला कॉलेजात लागली तो कामावर वेगळा कळून येतो, मार्क किती का असेनात.

आमच्या कामातलंच घ्या. टाकीतली पातळी वगैरे मोजणाऱ्या सेन्सरचं सिग्नल 4 ते 20 मिलीॲम्प असतं, शून्यापासून नाही, कारण वायर तुटली की करंट खरोखर शून्य होतो आणि टाकी रिकामी आहे का वायर गेलीय हे लगेच कळतं. आता हा मीटर 20 मिलीॲम्पच्या रेंजवर लावा, 19.99 पर्यंत दाखवेल आणि बरोब्बर 20 ला परत तो 1. नवीन ट्रेनी सेन्सर बदलायला निघतो, आणि ज्याला आपल्या मीटरची हद्द माहितीय तो नॉब 200 वर नेतो आणि पुढच्या कामाला लागतो.

आता तोटे, आणि हे नीट वाचा. 10 ॲम्पच्या सॉकेटला फ्यूज नसतो, मीटरवर तसं छापलेलंच असतं. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब तिथेच राहिला आणि तुम्ही व्होल्टेज बघायला गेलात तर तो सरळ शॉर्ट. म्हणून करंट मोजला की पहिलं काम प्रोब परत जागेवर, मग बाकीच्या गप्पा. ब्रेडबोर्ड, आर्डुइनो अशी शिकायची छोटी सर्किटं, बॅटरी, ॲडॉप्टर, एवढ्याला मीटर मस्त आहे, पण तीन फेजच्या पॅनलवर हा घेऊन जायचा नाही म्हणजे नाही, तिथे कॅट थ्री रेटिंगचा (अशा जोरदार लाइनवर वापरायला सुरक्षित) चांगल्या कंपनीचाच हवा. आणि लाइन बंद आहे का बघताना आधी चालू पॉइंटवर मीटर तपासायचा, मग बंद लाइन बघायची, मग परत चालू पॉइंटवर, कारण मेलेला मीटरसुद्धा शून्यच दाखवतो. आमच्या जुन्या फोरमनसमोर कोणी हे केलं नाही की तो हातातून मीटर काढून घेतो, आणि बरोबरच करतो.

बाकी किरकोळ. ऑटो ऑफ नाही, बंद करायचा विसरलात की 9 व्होल्टची बॅटरी हळूहळू उतरत जाते, आणि बॅटरी उतरली की रीडिंग चुकीची यायला लागतात. बरोबर येणारे प्रोब अगदीच भिकार, वायर टोकाजवळ तुटते, तेव्हा जरा बऱ्यापैकी प्रोब वेगळे घ्या. आणि रीडिंग लिहायला शेजारच्या स्टेशनरीतून एक बांधीव लाँगबुक घ्या, सुटे कागद नकोत, तारीख टाकून पेनानेच लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारायची, खोडरबर नाही. पुतण्या सध्या फक्त मीटर वापरतो, वही कोरीच आहे, तिच्या मागे लागलोय.