चक्रासनानंतर कंबर धरते: खुर्ची घ्यावी की पालथं पडावं?

चक्रासनातून, म्हणजे हातापायांवर उलटी कमान करून, खाली आलं की माकडहाडाच्या चार बोटं वर चिमटा बसल्यासारखं व्हायचं. दोन वर्षं मी ते ‘रग लागलीये’ म्हणून रेटलं. पण रग दुसऱ्या दिवशी सगळीकडे पसरते, हे दुखणं मात्र बोट ठेवून दाखवता येत होतं. बरगड्यांमुळे पाठ मागे फारशी वळत नाही आणि दिवसभर खुर्चीत बसून जांघा आखडलेल्या असतात. मग वाकण्याची सगळी मजुरी कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांच्या वाट्याला येते.

यावर दोन उपाय सापडले आणि दोन्ही आपल्या घरचेच. एक पुण्याच्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीचा: पाठ काढलेली घडीची खुर्ची घ्यायची आणि तिच्यावर आडवं होऊन, छाती मागे सोडून द्विपाद विपरीत दंडासन करायचं. दुसरा म्हणजे भुजंगासन, अर्धशलभासन, शलभासन ही पालथ्यावरची आसनं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, तिथल्या क्रमातही ती आहेत.

खुर्चीचं सुख नाकारणार नाही. छाती अशी उघडते की पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण आजवर अर्धाच श्वास घेत होतो. कंबरेला आधार, डोक्याखाली लोड, पाय भिंतीला. पाच मिनिटं तसंच पडून राहावं. वर्गात तर स्वर्गच.

घरी मात्र गाडी अडते ती उतरताना. खुर्चीच्या कडा धरून आधी छाती वर यायला हवी, डोकं सगळ्यात शेवटी. डोकं आधी उचललं की पोट आवळतं आणि नेमकी तीच जागा धरते. वर्गात सर पाठीला हात देतात. घरी कोण देणार? शिवाय गुळगुळीत फरशीवर खुर्ची सरकते म्हणून खाली चटई, वर दोन घोंगड्या, पट्टा, आणि भिंतीजवळची जागा रिकामी करायला शू-रॅक हलवा. हा संसार मांडून एके सकाळी मी निवांत लटकलो होतो, तेवढ्यात बेल वाजली. झटक्यात उठलो. पुढचे तीन दिवस मोजेही बायकोने घातले, आणि दर वेळी बेलची नक्कल करून दाखवली.

शलभासनात ही भानगड नाही; घाबरून उठायचं तर फक्त खाली यायचं. खरा फरक मला आणखी एक वाटतो. चक्रासनात हातपाय ढकलतात, खुर्चीवर वजन ओढतं. दोन्हीकडे आपण ताकदीपलीकडे वाकू शकतो. शलभासनात पाठीचे स्नायू उचलतील तेवढंच वर जाता येतं. मी छाती आणि पाय चार बोटंच उचलायचो, गुडघे ताठ, टाचा फाकू न देता, पाच श्वास, चार वेळा. टोचलं तर एकच पाय. दिसायला अगदीच फालतू, कंटाळवाणं, आणि ओटीपोटाखालची हाडं सतरंजीला रुततात (मी टॉवेल घालतो). तीन महिन्यांनी चक्रासनाला परत हात घातला तेव्हा चिमटा नव्हता. अर्थात, तळवे भिंतीला टेकवलेल्या दोन विटांवर ठेवले होते, आणि ती युक्ती पुन्हा अय्यंगारांकडचीच.

कुठलाही मार्ग घेतलात तरी नंतर लगेच गुडघे छातीशी करकचून ओढू नका. आधी थोडं पडून राहा, मग हलकं वळण. आणि कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा मणका सरकल्याचं निदान असेल, तर खुर्ची नको आणि शलभही नको, आधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

तुमची पाठ वेगळी असेल, त्यामुळे माझं सगळं लागू पडेलच असं नाही. जवळ चांगला वर्ग आहे, उतरताना कोणी हात देणार आहे, तर खुर्ची जरूर करून पाहा. एकट्याने, सकाळी सातच्या आत, दूधवाला यायच्या वेळी करणार असाल, तर मी पालथं पडायला सांगेन.